वर्गाबाहेरचे दहा आठवडे

दहा आठवडे झाले, तेजकरणनं वर्गाचं तोंड पाहिलं नव्हतं. शाळेत रोज जायचा, पण फाटकातून त्याला थेट वाचनालयामागच्या खोलीत नेऊन बसवायचे. अभ्यास तिथेच, जेवणही तिथेच. फ्रान्समध्ये नवा कायदा आला होता. सरकारी शाळेत कुणाच्या अंगावर धर्माची खूण दिसता कामा नये. तेजकरणच्या डोक्यावर निळी पगडी होती, कायद्याला तेवढं पुरे.

जूनमध्ये शाळेची शेवटची परीक्षा, ती झाली की इंजिनिअरिंग. गणितात पोरगा असा की मास्तर त्याच्या वहीवरून आपलं उत्तर ताडून बघायचे. एवढं सगळं शाळेतल्या मंगळवारच्या बैठकीवर येऊन अडलं होतं.

"मी बांधून देऊ का रे आज?" आईनं, कुलजीतनं, न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं.

"नको मम्मी, झालीच."

"उन्हाळ्यापासून केसांना हात लावू देत नाही बघा हा," ती नवऱ्याला म्हणाली. "रविवारचं तेलसुद्धा बंद."

"सतरा वर्षांचा घोडा झालाय. अजून तुझ्याकडून वेणी घालून घेईल होय?" बलविंदर हसला, पण हसू काही टिकलं नाही.

मुख्याध्यापिका मादाम रूसेल तशी वाईट बाई नव्हती. या प्रकरणात तिचीही झोप उडाली होती.

"माझं एवढं ऐक," ती बैठकीत तेजकरणला म्हणाली. "पगडी आत्ता, इथे काढ. केस खुशाल बांधून ठेव, माझं काही म्हणणं नाही. लगेच वर्गात जा. नाहीतर मला तुझं नाव कमी करावं लागेल."

तेजकरणनं शेजारी बसलेल्या बापाकडे पाहिलं.

बलविंदर प्लास्टरचं काम करायचा. पगडी उतरवून टोपी घाल म्हणणाऱ्या मुकादमाच्या तोंडावर त्यानं दोनदा काम सोडलं होतं. तो माणूस उठला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पंजाबीत बोलू लागला.

"पुत्तर, काढ. गुरुद्वारात कोण काय बोलेल ते माझं मी बघतो. केस शाबूत आहेत ना आपले? मग झालं तर. संध्याकाळी मी स्वतः बांधून देतो. पण शाळा सोडू नकोस रे."

तेजकरणचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही, पापा."

"अरे, मीच सांगतोय ना..."

"नाही काढणार."

मादामनं दोन वेळा विचारलं. मग कागदावर सही केली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

गाडीत बसल्यावर बलविंदरला रडू आवरेना. मुलाची शाळा गेली म्हणून जीव तुटत होता, आणि अभिमानानं ऊर भरून येत होता. "मी डगमगलो," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा पक्का निघालास. माझी लाज राखलीस बाबा."

तेजकरण खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी पोचेपर्यंत बातमी पसरून गुरुद्वारातून फोनही आला होता. रविवारी सगळ्या संगतीसमोर तेजकरणचा सत्कार करायचा ठरला होता. कुलजीत रडत रडतच पोळ्या लाटायला बसली. "हातपाय धुऊन ये," ती मुलाला म्हणाली, "दोन घास खाऊन घे."

तेजकरणनं न्हाणीघरात जाऊन कडी लावली. पगडी सोडली. आत अंबाड्याच्या जागी बसवलेला मोज्यांचा बोळा काढून बेसिनवर ठेवला. जुलैत स्टेशनजवळच्या न्हाव्याकडून कापून घेतलेले केस आता कुठे दोन बोटं वाढले होते.