माकडटोपीतलं माणूस

“बँकेतल्या साहेबांची नखं काळी कशी गं, मार्लेनी?”

झेनोबियाबाईंनी सहज विचारलं. पाच वर्षांच्या मार्लेनीने चटकन चित्रावर हात ठेवला. चित्रात तिचे बाबा टाय लावून बँकेच्या दारात उभे होते. नखं मात्र तिने काळ्या खडूने मन लावून रंगवली होती.

“शाई लागलीय,” ती म्हणाली.

बाईंनी चित्र भिंतीवर लावलं. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरातल्या त्या बालवाडीत ‘आमच्या घरचे काय काम करतात’ याचा आठवडा चालला होता. भिंतीवर नर्स, बेकरीवाले, मिनीबसवाले झळकत होते. बूटपॉलिश करणारं एकही माणूस नव्हतं. खाली दरीतल्या ला पाझ शहराच्या चौकांत तर ही मंडळी जागोजाग बसतात. डोळ्यांपुरती भोकं ठेवलेली माकडटोपी तोंडावर ओढून बसतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखू नये म्हणून. घरी सांगतात, ऑफिसात जातो. पोरं बिचारी ऑफिसच काढणार.

मार्लेनीला मात्र कळलं होतं. तिथल्या सान फ्रान्सिस्को चर्चच्या पायऱ्यांपाशी एका माकडटोपीला शिंक आली होती, आणि शिंक अगदी घरची होती. त्या संध्याकाळी बाबांनी तिला मांडीवर घेतलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. कळलं तर पोरं तुला शाळेत बसू देणार नाहीत.” तेव्हापासून तिने ती मूठ घट्ट आवळून ठेवली होती. शाळेत यायचं म्हटलं की हल्ली तिच्या पोटात दुखायचं.

“शुक्रवारी एक पाहुणे वाढलेत,” बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगितलं. “बूटपॉलिशचं काम दाखवायला.”

एर्सिलियाबाईंनी चष्मा काढला. “तोंड झाकून? माझ्या शाळेत? पालक माझ्या नावाने शिमगा करतील. लोक काय म्हणतात त्यांना, माहितेय ना?”

“माहितेय. चोर म्हणतात, दारुडे म्हणतात.”

“मग?”

“मुलांना कामं दाखवायची असं तुम्हीच म्हणालात.” बाईंचा आवाज जरा कापला. “मग ठेवणीतलीच तेवढी का दाखवायची?”

“काही झालं तर तुमच्यावर,” एर्सिलियाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा होकारच होता.

संध्याकाळी बाई केबलकारने खाली चौकात गेल्या. माकडटोपीआडून आधी साफ नकार आला.

“पोरांसमोर? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. किती दिवस भ्यायचं त्यांना?”

ब्रश एकेक करून पेटीत गेले. मग पेटीचं झाकण लागलं. “टोपी घालूनच येईन.”

शुक्रवारी डिलानची नर्स आत्या येऊन गेली. बेकरीवाल्यांनी गरम पाव वाटले. मग दार लोटून स्वारी आत आली. तोंडावर माकडटोपी, वर कॅप, अंगात जाडजूड जाकीट, हातात बोटं कापलेले लोकरी मोजे आणि लाकडी पेटी. वर्गात एकच कालवा झाला. एर्सिलियाबाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या.

“बाई, चोर!” डिलान ओरडला.

स्वारीने कुणाकडे पाहिलं नाही. बुटक्या स्टुलावर बसून पेटीवर ब्रश ठोकला, म्हणजे पाय ठेवा. पोरांनी लगेच रांग लावली. आधी धूळ झटकायची, मग क्रीम, मग ब्रश, आणि शेवटी फडक्याचा असा झटका की फट्ट आवाज यावा. त्या आवाजाला पोरं हसून लोळायला लागली. एर्सिलियाबाईंनी घडी सोडली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपलाही पाय पुढे केला.

मार्लेनी जागची हलली नाही. लोकरी मोज्यांतून बाहेर आलेली नखं तिला दिसली होती. तशीच काळी. शाळेत कधी येणार नाही म्हणालेले बाबा आले होते.

“हा कोणाचा बाबा आहे?” डिलानने विचारलं. कुणी बोलेना. “कोणाचाच नाही वाटतं. कोण सांगेल असला बाबा!”

फडकं थांबलं. माकडटोपी खाली झुकली.

ते मार्लेनीला बघवेना. बाबा एवढे एकटे बसलेत आणि आपण गप्प. ती बाकाला धरून उभी राहिली.

“माझे आहेत,” ती म्हणाली. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, “माझे बाबा आहेत. बँकबिंक काही नाही. ते बूट चमकवतात, आणि अख्ख्या चौकात त्यांच्यासारखं कोणाला येत नाही.”

डिलानने आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मला शिकवतील का ते?”

“मी विचारते,” मार्लेनी ऐटीत म्हणाली.

“माझा दादापण तेच करतो,” खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं.

“माझी मावशीपण. पण सांगू नका हं कुणाला.”

सगळा वर्ग हसला. मार्लेनीही हसली. किती दिवसांनी तिचं पोट दुखत नव्हतं. ती धावत गेली आणि तिने त्या पॉलिशच्या वासाच्या जाकिटाला मिठी मारली. “मी सांगून टाकलं,” ती कानाशी म्हणाली. “रागावू नका.”

जाकिटातलं माणूस हुंदके देत होतं.

झेनोबियाबाई पुढे आल्या. वर्गातल्या पोरांसमोर, मुख्याध्यापिकांसमोर त्या गुडघ्यांवर बसल्या. कॅप काढली, माकडटोपी हलकेच वर ओढली. दोन पांढऱ्या वेण्या जाकिटावर पडल्या.

“मुलांनो,” बाई म्हणाल्या, “ही माझी आई.”