यशवंतरावांचं गाणं

यशवंतराव जाऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी घरातल्या, ज्याला त्याला हवं तसं गाणं रचून देणाऱ्या यंत्राला सांगितलं, "हे दाढी करताना गुणगुणायचे, ते गाणं लाव."

"ते फक्त त्यांच्यासाठी रचलेलं होतं," यंत्र अदबीने म्हणालं. "ऐकणारा गेला की गाणं पुसलं जातं."

शेजारीपाजारी विचारण्यात अर्थ नव्हता. हल्ली ज्याची त्याची गाणी वेगळी आणि पुस्तकंही वेगळी. बाईंनी स्वतःच गुणगुणून पाहिलं. पहिली ओळ जमली, पुढे त्या अडखळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

"हे तुम्हाला आवडणार नाही," यंत्र म्हणालं. "तुमच्या आवडीचं लावतो."

"मला त्यांच्या आवडीचं हवंय," बाई म्हणाल्या.

तोवर नवं गाणं सुरू झालं होतं. ते बाईंना फार आवडलं. संपलं तेव्हा यशवंतरावांची पहिली ओळही त्यांना आठवेना.