दुसऱ्याच्या लिंकवरून

सावेडीतल्या त्या मंगल कार्यालयाच्या पूर्वेकडच्या खिडक्यांतून सकाळचे ऊन जराही घाई न करता आत येत होते. आधी ते फरशीवर उतरले. कालच्या लग्नातल्या चुरगळलेल्या झेंडूंपाशी थोडे रेंगाळले. मग गुलाबी कापड चढवलेल्या खुर्च्यांच्या पाठींवरून हळूहळू पुढे सरकत गेले. रोजचेच ऊन, त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तरीही हेमचंद्र त्याच्याकडेच पाहत होता, कारण मान वर केली असती तर व्यासपीठावर उभा असलेला रविराज दिसला असता.

जिल्ह्यातल्या अफिलिएट मार्केटिंगवाल्यांची ही पहिलीच परिषद. इंटरनेटवर एखाद्या वस्तूची शिफारस करायची, खाली आपली लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की कमिशन मिळवायचे, असा हा धंदा. पारनेरकडच्या रविराजला हा धंदा कॉलेजात असताना हेमचंद्रनेच शिकवला होता. आता रविराजचे व्हिडिओ गावोगाव पाहिले जात होते, आणि हेमचंद्रच्या नितळ, निर्दोष भाषेतल्या लेखांखाली कुणी साधा प्रश्नही विचारत नव्हते.

यामागे रविराजची काहीतरी क्लृप्ती असणार, याबद्दल हेमचंद्रला शंका नव्हती. ती हुडकायलाच तो आला होता. ती सापडली असती, तर मित्राचे मोठेपण फोल ठरले असते आणि त्याला पुन्हा शांत झोप लागली असती.

रविराजने चकाकता कोट घातला होता. बोहल्यावरून उतरायला विसरलेला नवरदेवच जणू, असे हेमचंद्रच्या मनात आले आणि क्षणभर बरे वाटले. शेजारी भिंगारचा बिभीषण बसला होता. मोबाईलच्या कव्हरांवर त्याचे बरे चालले होते. तो हळूच कानाशी वाकला.

“तुमचाच चेला म्हणे. मग तुम्ही खाली कसे?”

हेमचंद्र कसनुसे हसला.

व्यासपीठावर रविराज सांगत होता की त्याचे सगळे चित्रीकरण गोठ्याशेजारच्या पडवीत होते, आणि मिक्सर बंद पडला की आई ज्या शिव्या घालते, त्या तो व्हिडिओत तशाच ठेवतो. सभागृह हसत होते. हेमचंद्र त्याचे उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करत होता. तेवढे एकच काम त्याच्या हाती उरले होते.

शेवटी कुणीतरी हेमचंद्रच्याच मनातला प्रश्न विचारला: यातली नेमकी क्लृप्ती कोणती?

“क्लृप्ती कसली?” रविराज म्हणाला. “आपल्या धंद्याचा नियम तुमाला ठावं हाय. सोताच्या लिंकवरून सोतासाठी घेता येत न्हाई. मग घरात काय लागलं, की आपल्यालाबी दुसऱ्याचीच लिंक उघडावी लागती. त्या टायमाला तुमी कुणाची उघडता? त्यो तुमचा मास्तर. त्याच्याकडनं शिका, माझ्याकडनं नगं.”

मग त्याची नजर हेमचंद्रवर पडली आणि चेहरा उजळला.

“आमचा हेमभाऊ बसलाय की! मला पहिली लिंक यानंच बनवून दिली. उभा ऱ्हा, भाऊ. सांग बरं, घरात शेवटचं काय घेतलं, अन् कुणाच्या लिंकवरून?”

माईक हातात आला. साऱ्या माना वळल्या. एक नाव उच्चारायचे होते, आणि ते नाव समोर कोट घालून उभे होते.

“आठवत नाही,” हेमचंद्र म्हणाला.

“मोठ्या माणसांचं असंच असतं,” असे म्हणून रविराजने हसण्यावारी नेले आणि त्याला सोडवले. हेमचंद्र खाली बसला. त्या सुटकेचीही त्याला चीड आली.

त्याला सारे आठवत होते. मागच्या महिन्यात वडिलांना चक्कर आली होती. रक्तदाब घरीच मोजत जा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रक्तदाब मोजायच्या यंत्रांवर हेमचंद्रचा स्वतःचा विस्तृत लेख होता. सर्वांत जास्त कमिशन देणाऱ्या यंत्राला त्याने त्यात पहिला क्रमांक दिला होता. तरी त्या दुपारी त्याने रविराजचा व्हिडिओ उघडला. त्यात रविराजची आई साळूबाई दंडाला पट्टा बांधून कुरकुरत बसली होती आणि रविराज एकेक यंत्र बाजूला सारत होता. शेवटी उरलेले यंत्र हेमचंद्रने त्याच लिंकवरून मागवले. नियमच तसा आहे, शिवाय मित्राचे भले होईल, अशी स्वतःची समजूत त्याने तेव्हाच घालून ठेवली होती.

पण नियमाने फक्त त्याची लिंक अडवली होती. त्याने शिफारस केलेले यंत्र दुसऱ्या कोणाच्याही लिंकवरून घेता आले असते.

स्वतः पहिला क्रमांक दिलेले यंत्र त्याने स्वतःच्या वडिलांसाठी घेतले नव्हते.