चढावर दम टाकणारी गाडी

"चढ आला की गाडी दम टाकते, काका," राजदीप म्हणाला. "सपाटीवर चालते. ओझं पडलं की मरते."

भावसिंगने पान्यांची पेटी उचलली. पांढरकवड्याबाहेर हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं आणि मागच्याच खोलीत त्याचा मुक्काम. बायको रुपीबाई गेल्यापासून त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. ट्रकवाले यायचे, गाडी सुधारली की निघून जायचे.

त्याने विचारलं, फिल्टर बदलला का. बदलला होता. टाकीची नळी फुंकून पाहिली का. पाहिली होती. हवा काढली का. तीही काढली होती. राळेगावकडचा हा नवखा ट्रक-ड्रायव्हर पाठ केल्यासारखं सगळं बरोबर सांगत होता. पण हवा काढायचा डिझेलचा हातपंप दाब म्हटल्यावर तो इंजिनाच्या भलत्याच बाजूला गेला.

 भावसिंगने खाली वाकून टाकीकडून येणारी नळी चाचपली. तिच्या जोडावर कुणीतरी सुताचा धागा गुंडाळून वरून साबण घासला होता, आत हवा शिरू नये म्हणून. त्या जोडावर बोट ठेवून तो बराच वेळ तसाच बसला. मग उठला, खोलीत गेला आणि परातीत ज्वारीचं पीठ काढून आला. रोजच्यापेक्षा जास्त.

टाकीचा संशय नको म्हणून त्याने डब्यात स्वच्छ डिझेल घेतलं आणि वेगळ्या नळीने ते थेट पंपाला जोडलं. पंपातून पुढे जाणारी नळी मोकळी केली. स्टार्टर मारायला तो केबिनकडे वळला, तसा राजदीप लगबगीने आडवा आला आणि स्वतःच वर चढला. इंजिन फिरलं. जिथे जोरात धार उडायला हवी होती, तिथून नुसता ओघळ आला.

"टाकी चांगली, नळीही चांगली," भावसिंग म्हणाला. "डिझेल ओढते तो पंपच गेला."

राजदीप गावातून नवा पंप घेऊन आला. तोवर भावसिंगने जुना उतरवून जागा पुसून ठेवली होती. तो नवा बसवायला लागला, तेव्हा राजदीपने शेजारी उकिडवं बसत सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी कोण कोण असतं.

भावसिंगने हात न थांबवता सांगितलं. एक मुलगा आहे, नयन. हे काम इथेच शिकला, जोडाला सूत गुंडाळून साबण घासायचंही. आईच्या तेराव्याला दोघांत वाद झाला. गॅरेज विकून हैदराबादला चला, असं पोराचं म्हणणं. बाप म्हणाला, तुले जायचं तर जा. तो गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप.

राजदीपने जरा घुटमळून विचारलं, "अन् आला वापस, तर?"

भावसिंगने पाना घट्ट आवळला. उत्तर दिलं ते नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

"येणाऱ्यानं यावं. मी कोणाले हात धरून आणणार नाही."

राजदीपचा चेहरा उतरला. मग दोघांनी खोलीत बसून भाकर खाल्ली.

जेवण झाल्यावर भावसिंगने हातपंप दाबून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. रेस वाढवून पाहिली. आवाज भरीव होता, कुठे अडखळ नव्हती. राजदीपने दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि स्टेअरिंगवर जाऊन बसला. गाडी मात्र हलली नाही. इंजिन तसंच चालत राहिलं.

भावसिंग खोलीतून ताट घेऊन आला. भाकर आणि अंबाडीची भाजी. ते त्याने खिडकीतून वर धरलं.

"मी जेवलो ना, काका," राजदीप म्हणाला.

"तुह्यासाठी नाही," भावसिंग म्हणाला. "सकाळपासून केबिनीत मागं उपाशी पडून आहे नयन. इंजिन बंद कर, अन् त्याले म्हण, खाली उतर."