‘मागचं दार’, भाग बारावा

“पान सांडलं असेल तर आधी पान शोधायचं. मग सुई हातात घ्यायची.” वडील हे सांगायचे तेव्हा त्यांच्या दातांत दोरा असायचा, त्यामुळे अर्धं ऐकू यायचं आणि अर्धं समजून घ्यावं लागायचं.

बांधणीच्या बाईंना तेवढं चाळीस वर्षं पुरलं. मुलांच्या वाचनालयात मागच्या टेबलाशी बसून त्या फाटकी पुस्तकं शिवत. एवढ्या वर्षांत एकही पान त्यांच्या हातून पुढचं मागं झालं नव्हतं.

आज त्यांनी सुई खाली ठेवली.

“हेही तसंच. शेवटचं पान नाही.”

“कितवा भाग?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“अकरावा.”

‘मागचं दार’ ही भुतांची मालिका बारा भागांची होती. दर भागात एका घरात एक भूत मागच्या दारानं शिरायचं. वाचनालयात याहून झिजलेलं दुसरं काही नव्हतं. मुलं रात्री पांघरुणात घुसत आणि सकाळी पुढच्या भागासाठी भांडत.

“काय मिळतं यांना त्यात, देव जाणे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मला तर नुसतं मुखपृष्ठ बघून घाम फुटतो. तुम्ही वाचलंय कधी?”

“मी वाचत बसले तर शिवणार कधी?”

ग्रंथपालबाईंनी नोंदवही काढली. अकराही भाग सगळ्यात शेवटी एकाच मुलीनं नेले होते. दोन वेण्या, अकरा वर्षं, खिडकीजवळची जागा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील तिला घेऊन आले. बसचालक होते. गणवेशातच होते, टोपी हातात.

“फाडली असतील हिनंच,” ते म्हणाले. “भित्री झालीय हो फार. स्वयंपाकघरातला दिवा मालवू देत नाही. झोपेतून उठून मागच्या दाराची कडी बघून येते. आणि मी असा वेंधळा, सकाळी बघावं तर कडी उघडीच! मीच विसरत असणार. ही कामं आधी माझ्याकडे नव्हती ना. हिवाळ्यापासून आम्ही दोघंच असतो.”

ते टोपीकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “असली पुस्तकं देता तरी कशाला पोरांना?”

“मागतात म्हणून देतो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या मुलीकडे वळल्या. “बाकीची मुलं माझ्या नावानं शंख करतायत, शेवट कुठंय म्हणून. शनिवारपर्यंत पानं आली नाहीत तर तुझं कार्ड बंद. बारावा भाग विसर.”

मुलगी एकदम पुढं झाली. “बारावा तरी द्या. तो शेवटचा आहे.”

“म्हणूनच.”

बांधणीच्या बाईंनी तिला हळूच हाक मारली. “इकडे ये गं. एवढा दोरा ओवून दे. माझे डोळे हल्ली रुसलेत.”

मुलीनं एका झटक्यात दोरा ओवला.

“पट्टी लावून फाडलंस ना? कड बघ कशी सरळ आलीय. माझ्या वडिलांनी तुला कामावरच ठेवलं असतं.”

मुलीला हसू येता येता राहिलं.

“शेवट फार भीतीचा असतो का?” बाईंनी विचारलं.

“हो. सगळ्यात जास्त शेवटाचीच भीती वाटते.”

“आणि आधीचं?”

“ते मी दोनदा वाचते.”

बाईंना तिची दया आली. एवढीशी पोर, हौसेनं घाबरायला जाते आणि शेवटी दम संपतो.

“पानं टाकून दिलीस?”

“नाही. नीट ठेवलीत.”

“मग आण. कार्ड वाचेल तुझं.”

“आणली तर तुम्ही परत शिवाल.”

“सापडलेलं पान शिवावंच लागतं, बाळ.”

मुलगी बराच वेळ टेबलावरचं दोऱ्याचं रीळ फिरवत राहिली. “मी सांगेन तिथं शिवाल, मावशी?”

मुलांच्या अटी अशाच असतात. बाई म्हणाल्या, “तू सांगशील तिथं. वचन.”

शनिवारी मुलगी पाकीट घेऊन आली. ग्रंथपालबाईंनी पानं मोजली, अकरा भरली, आणि कार्डावर शिक्का मारला. “पुस्तकात पानं पुरी असली की माझी तक्रार नाही. बारावा सोमवारी ने. नवा आहे, शिवण पक्की करायला टेबलावर ठेवलाय.”

मुलगी गेली. दुपारी वाचनालय रिकामं झालं. बाईंनी पाकीट उघडलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा हातातलं पान वाचलं.

पहिल्या भागात भूत एका म्हाताऱ्याचं होतं. तो सगळ्यांचा निरोप घेऊन मागच्या दारानं निघून गेला आणि पुन्हा कधीच आला नाही. घरातल्यांनी कडी लावली, दिवा मालवला, आणि सगळे निवांत झोपले.

दुसऱ्या भागात कुणाची तरी बहीण होती. तीही गेली. कडी लागली, दिवा मालवला गेला. तिसऱ्यात तेच. सातव्यात तेच. अकराव्यात एक आई होती.

बाईंनी पाकीट पुन्हा चाचपलं.

पाकिटाच्या तळाशी वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. अक्षर गोल, ओळी सरळ.

“मावशी, ही पानं शेवटी नको. सगळ्यात आधी शिवा. म्हणजे आधी ते जातील आणि मग येतील.”

बाईंनी अकरा पुस्तकं समोर ओळीनं मांडली. पहिल्याचं पहिलं पान उलगडलं, दोरा घेतला. मग थांबल्या. सुई बाजूला ठेवून त्यांनी कोरा करकरीत बारावा भाग जवळ ओढला, शेवटचं पान उघडलं, आणि त्यावर पट्टी ठेवली.