जुळा माड

धबधब्यापाशी बाई गाडीतून उतरल्यासुद्धा नाहीत.

"अहो मॅडम, अख्ख्या जमैकात असा धबधबा नाही! लोक सातासमुद्रापलीकडून येतात," क्लोव्हिस म्हणाला.

"दिसला. पुढे चला."

किल्ल्यावर त्यांनी तोफांकडे पाठ केली. रमच्या कारखान्यात फुकटचा घोट मिळत होता, तोही नको म्हणाल्या. क्लोव्हिसचं डोकं फिरायची वेळ आली. जहाजावरून उतरणारी तऱ्हेतऱ्हेची माणसं त्याने आजवर फिरवली होती, चिडकी, चिक्कू, तर्र झालेली. पण असला दगड कधी पदरात पडला नव्हता.

त्यात सकाळी धक्क्यावर बाईंनी चकचकीत गाड्यांची रांग सोडून याच खटाऱ्याचं दार उघडलं होतं. दारावर त्याने आपल्या अंगणातला जुळा माड रंगवला होता. बाई त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या, तेव्हा नव्या रंगाचं चीज झालं म्हणून तो हरखला होता. आता तोच रंग खरवडून टाकावा असं त्याला वाटत होतं.

जहाज चारला सुटणार होतं. प्रवासी मागे राहिला की ड्रायव्हरचा परवाना जातो. क्लोव्हिसला एकदा समज मिळालेली होती, पुन्हा माफी नव्हती.

"आता शेवटचं ठिकाण. माझं घर," तो कंटाळून म्हणाला.

बाई पहिल्यांदाच सीटवर पुढे सरकून बसल्या.

ओसरीत त्याची म्हातारी आई, आयव्हरीन, तुरीच्या शेंगा सोलत होती. क्लोव्हिसने माडाखाली उभं राहून नेहमीची टकळी सुरू केली.

"एका नारळातून दोन कोंब! आमच्यात मूल झालं की नाळ पुरतात आणि वर नारळ लावतात. ही नाळ माझी. लहानपणी आम्ही पोरं आपापल्या झाडाशी उंची मोजायचो. बाकीच्यांची झाडं त्यांच्या बरोबरीनं वाढायची. माझा माड मात्र कायम पुढे! राजाचं झाड, मॅडम!"

इथे सगळे हसायचे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खोडाला दोन्ही हात लावले आणि कपाळ टेकलं.

बंदरातून भोंगा ऐकू आला.

"मॅडम, निघायला हवं."

बाई हलल्या नाहीत. भोंगा पुन्हा वाजला.

"अहो, कानात बोळे घातलेत का? माझ्या पोटावर पाय येईल!" त्याने त्यांचा दंड धरला. "सोडा ते झाड! माझं आहे ते. तुमचं काय पुरलंय इथं?"

ओसरीत शेंगांचं टोपलं कलंडलं. आयव्हरीन कठड्याला धरून खाली आली. तिने बाईंचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि बघत राहिली.

"बाप गेला का गं तुझा?"

"गेल्या महिन्यात. लंडनला. तू मेलीस म्हणायचे. शेवटच्या दिवशी गावाचं नाव सांगितलं. आणि जुळा माड."

"ममा, जहाज सुटतंय! ही बाई काय बोलतेय?"

आयव्हरीनने लेकाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"तिचा हात सोड, क्लोव्हिस. तुला पहिल्यांदा कडेवरून या अंगणात उतरवलं ना, तेव्हाच हा माड तुझ्या डोक्याच्या वर गेलेला होता."