छातीच्या उंचीवर

कंपनीला म्हणे आपला धूर शून्यावर आणायचा होता, म्हणून तो गिळणारी झाडं तिची माणसं शहाद्याच्या बांधांवर मोजत होती. मोजणीच्या मॅडम तिसऱ्यांदा आल्या, आणि चहाशिवाय खाटेवरून न उठणारा गोपाल इस्त्रीचा सदरा घालून निंबाशी हजर. खोडामागून फीत देताघेताना दोघांची बोटं भिडली, तशी त्याच्या बायकोनं, तापीबाईनं, कापसाची झोळी उतरवली. “द्या, मी धरस.” “छातीच्या उंचीवर धरा हं, मावशी.” नवरा गोपालभाऊ आणि आपण मावशी? ठेंगण्या तापीबाईनं खोडाभोवतीची फीत आपल्या छातीच्या उंचीवर करकचून ओढली. आकडा पाहून मॅडम गोंधळल्या. “खोड खाली जाड असतं, मावशी. मागच्या खेपेला गोपालभाऊंच्या छातीशी धरली होती.” तापीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. “तिन्हाच माप लिखा,” तो म्हणाला. “झाड तिनी लायेल शे.” झाड लावणारी कोण, हे तो विसरला नव्हता! तिच्या हातातली फीत सैल पडली, मॅडमना निंब पुन्हा मोजावा लागला.